पार्श्वभूमी : विशेष विवाह कायद्यातली ३० दिवसांची नोटीस

धर्म न बदलता दुसऱ्या धर्मातल्या जोडीदाराशी लग्न करण्याचा रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातून जातो. त्याच्या आधीचा कायदा १८७२ चा. त्यात वधूवरांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुठलाच धर्म मानत नाही, असं लिहून द्यावं लागे. वय २१ च्या आत असेल तर वडिलांची किंवा पालकाची संमतीही लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसातल्या लग्नासाठी धर्म नाकारण्यातून सोडवलं. पण असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून कायद्यानेच वेगळा होई, आणि दुसरा मुलगा नसल्यास बापाला दत्तक घेता येई. मुलगा हयात असताना! १९५४ मध्ये धर्माची अट सगळ्यांसाठी गेली. कुटुंबातून वेगळं होण्याची तरतूद मात्र राहिली. १९७६ मध्ये ती सैल झाली, तीही वर आणि वधू दोघंही हिंदू, बौद्ध, शीख, जैन या चार धर्मांतले असतील तरच.

बाकी सगळं सैल होत असताना एक गोष्ट उलट घट्ट झाली. १८७२ मध्ये लग्नाआधी द्यायची नोटीस १४ दिवसांची होती, १९५४ मध्ये ती ३० दिवसांची झाली.

दोघांपैकी एकाने तरी नोटिशीआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. अर्जात नाव, वय, व्यवसाय, सध्याचा आणि कायमचा पत्ता भरायचा. विवाह अधिकारी ती नोटीस कार्यालयात दिसेल अशा जागी लावतो. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिथेही लागते, म्हणजे नेमकी माहेरच्या किंवा वडिलांच्या गावाकडे. ३० दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकतीची कारणं मात्र मोजकी आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, मुलाचं वय २१ किंवा मुलीचं १८ पेक्षा कमी असणं, निषिद्ध नातं. जात, धर्म किंवा आईवडिलांची नापसंती त्यात कुठेच नाही. तरीही हरकत आली की चौकशीसाठी आणखी ३० दिवस जाऊ शकतात. हरकत खोडसाळ ठरली तर हरकतदाराला खर्चापोटी जास्तीत जास्त १,००० रुपये भरावे लागतात. मुलीला घरात कोंडून ठेवू पाहणाऱ्याला या रकमेची काय भीती?

नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. घरच्यांना बेकायदा काही सिद्ध करावं लागत नाही, वेळ काढला तरी पुरतं.

दोघं हिंदूच पण वेगळ्या जातींचे असतील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विधी करून नोंदणी करता येते. तिथे आधी नोटीस नाही. त्यामुळे या तरतुदीचा खरा भार आंतरधर्मीय जोडप्यांवर पडतो. घाईत असलेली जोडपी मग लग्नापुरतं धर्मांतर करतात आणि त्याच धर्मांतरावरून पुढे संशय घेतला जातो.

दुसरं लग्न आणि अल्पवयीन लग्न रोखायला नोटीस हवी, असं समर्थन केलं जातं. पण कागदपत्रं आणि तीन साक्षीदार तेच काम करतात. २०२१ च्या सुरुवातीला एका उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर ठेवलं. कायद्याचा मजकूर मात्र बदलला नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये अशा विवाहांसाठी राज्यस्तरीय समिती नेमली गेली. सुरुवातीला तिच्या कक्षेत आंतरजातीय विवाहही होते, टीकेनंतर काही दिवसांतच ते वगळले गेले आणि आंतरधर्मीय राहिले.

जोडप्यांसाठी जिल्ह्यात सुरक्षित निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. आधी एक महिना, मग दरमहा वाढवत जास्तीत जास्त एक वर्ष. निवाऱ्याचा पत्ता गुप्त राहिला तरच तो उपयोगाचा, आणि नोटिशीत सध्याचा पत्ता लिहावाच लागतो.