स्मिथ आणि कार्लोसची मेडलं कुणी काढून घेतली नव्हती
2023 ला आपले पैलवान विनेश, साक्षी, बजरंग निषेध म्हणून मेडलं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले तेव्हापासनं आमच्या कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर एक गोष्ट सारखी ऐकायला मिळते, की 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकला मेडल घेताना वंशभेदाच्या निषेधात मूठ वर केली म्हणून त्या दोन कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंची मेडलं काढून घेतली. भावांनो, हे साफ चुकीचं आहे. 200 मीटरचं टॉमी स्मिथचं गोल्ड आणि जॉन कार्लोसचं ब्राँझ आजही रेकॉर्डला त्यांच्याच नावावर आहे.

झालं असं, की ऑलिंपिक कमिटीनं दबाव टाकला, मग अमेरिकेनंच दोघांना सस्पेंड करून घरी पाठवलं, आणि तिकडं गेल्यावर जीवे मारायच्या धमक्या, कामधंद्याचे वांदे, हे मात्र सगळं खरं.

मेडल घेताना मूठ वर केलेला त्यांचा तो फोटो जरा नीट बघा. पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे, कृष्णवर्णीयांची गरिबी दाखवायला. हातमोज्यांची जोडी एकच होती म्हणून स्मिथचा उजवा हात वर आणि कार्लोसचा डावा. आणि सिल्व्हरवाला ऑस्ट्रेलियाचा गोरा पीटर नॉर्मन, त्याच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही, पण त्या दोघांनी लावलेला मानवी हक्कांचा बिल्ला त्यानंही छातीवर लावलाय.