सोडियम जातं, कॅल्शियम येतं आणि माती गळू लागते

लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेच्या तळाशी जाड प्लास्टिक अंथरलं की कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, म्हणजे लीचेट, कायमचं अडलं असा समज आहे. पण या १.५ मिलिमीटर जाडीच्या एचडीपीई (दाट पॉलिथिलीन) पत्र्याला शिवणीत किंवा वर खडी पसरताना भोकं पडतात. मग सगळी भिस्त त्याच्या खालच्या मातीवर. बऱ्याचदा ती सोडियम बेंटोनाइट नावाची, पाण्यानं फुगणारी चिकणमाती असते: दोन कापडी थरांत बंदिस्त, भिजल्यावर जेमतेम १ सेंटिमीटर, दर चौरस मीटरला ४ ते ५ किलो.

इतका पातळ थर पाणी अडवतो तो फुगून. बेंटोनाइटमधल्या माँटमोरिलोनाइट खनिजाचे पापुद्रे सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे आणि ऋणभारित असतात, त्यांच्या मध्ये धन आयन बसलेले. पाणी आत शिरतं ते दोन टप्प्यांत. पहिल्यात आयनांभोवती पाण्याच्या रेणूंचे दोन-तीन थर जमतात. हे सोडियम असो वा कॅल्शियम, दोन्हींच्या बाबतीत घडतं. दुसरा टप्पा परासरणाचा. पापुद्र्यांमध्ये आयन दाटलेले आणि बाहेरचं पाणी विरळ, म्हणून पाणी आत ओढलं जातं, पापुद्रे दूर सरतात आणि मातीची जेली होते. यासाठी मधले आयन सोडियमसारखे एकभारी हवेत. द्विभारी कॅल्शियम शेजारच्या दोन पापुद्र्यांना असं धरून ठेवतं, की फुगणं पहिल्या टप्प्यावरच थांबतं. फरक मोजपात्रात दिसतो. २ ग्रॅम वाळलेली पूड चिमूटचिमूट करून १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सोडायची आणि १६ ते २४ तास थांबायचं. चांगलं सोडियम बेंटोनाइट २४ मिलिलिटर किंवा जास्त फुगतं, कॅल्शियमचं साधारण १०च्या आत राहतं.

लीचेटमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम असतंच. एक कॅल्शियम दोन सोडियमना हुसकावतं, जेली आक्रसते, गुठळ्या होतात, मधून वाटा फुटतात. द्रावण फार खारं असेल तर आयनांची अदलाबदल न होताही परासरण मंदावतं. याची किंमत किती? नुसत्या मातीच्या थरावर ३० सेंटिमीटर पाणी उभं आहे असं धरू. पार्यता, म्हणजे माती पाणी किती सहज पार होऊ देते याचं माप, सेकंदाला २ × १०⁻¹¹ मीटर असेल तर वर्षाला जेमतेम २ सेंटिमीटर पाणी पार होतं. तीव्र कॅल्शियम द्रावणात पार्यता हजारपट वाढली, तर २० मीटर! घरगुती कचऱ्याचं लीचेट तुलनेनं सौम्य असतं. खरी कसोटी कोळशाची राख आणि खाण-उद्योगांच्या कचऱ्याची.

म्हणून मातीवर रासायनिक संस्कार करतात. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट किंवा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असा पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) मिसळला, तर माती फुगली नाही तरी पॉलिमरची जेली कणांमधल्या फटी बुजवते. उपाय उत्तम आहे, पण पॉलिमर मातीला घट्ट बांधलेला नसेल तर वाहून जातो आणि त्यानं बुजवलेल्या वाटाच मोकळ्या होतात. प्रोपिलीन कार्बोनेट हा सेंद्रिय द्रव पापुद्र्यांमध्ये शिरून फुगणं टिकवतं, मात्र तेही पाण्यात विरघळतं. चतुर्थक अमोनियम संयुगं (धनभारित सेंद्रिय रेणू) बसवलेली माती बेंझीनसारखे पदार्थ धरून ठेवते, पण ती जलद्वेष्टी असल्यानं फुगत नाही. एकटी वापरली तर पाणी सरळ निघून जातं, म्हणून ती साध्या बेंटोनाइटसोबतच घालावी.

‘नॅनो तंत्रज्ञान, कायमस्वरूपी अभेद्य’ अशा जाहिरातीवर भाळण्याआधी पार्यतेच्या चाचणीचा अहवाल मागावा. ती नळाच्या पाण्यानं केली की प्रत्यक्ष लीचेटनं? थांबवली केव्हा? आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या द्रवाची विद्युतवाहकता १० टक्क्यांच्या फरकात येईपर्यंत आयनांची अदलाबदल चालूच असते. याला कित्येक महिने लागतात, आठवड्यातला सुंदर आकडा काहीच सांगत नाही. पॉलिमरयुक्त मातीत फुगण्याच्या चाचणीवरही विसंबू नये, कारण तिथे पाणी अडवण्याचं काम फुगण्यानं होत नाही. बाहेर पडणाऱ्या द्रवातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजला तर पॉलिमर किती निसटतोय ते कळतं.

बसवतानाही एक चूक महाग पडते. थर अंथरून वर प्लास्टिक टाकायचं आणि आठवडेच्या आठवडे उन्हात उघडं ठेवायचं. काळं प्लास्टिक तापतं, माती सुकून भेगाळते. सोडियम शाबूत असेल तर ओल मिळताच भेगा बुजतात. जमिनीतून येणाऱ्या कॅल्शियमनं त्याची जागा आधीच घेतली असेल, तर त्या तशाच राहतात. म्हणून प्लास्टिक बसताच निदान ३० सेंटिमीटरचा माती-खडीचा थर वर चढवावा. त्यानं ऊन अडतं, आणि त्याच्या वजनानं मातीतल्या फटीही दबतात.