वाटी भरलेलीच आहे: मांजराला जागा नकोय की जेवण?

मे महिना लागला की जळगाव-भुसावळकडच्या घरांतून एक तक्रार हमखास कानावर येते: "काय व्हयनं तिले, काहीच खात नही." सकाळी घातलेलं दुपारपर्यंत तसंच पडून, त्याला मुंग्यांची रांग लागलेली आणि मनी बाजेखाली अंग ताणून पसरलेली. घरातला एक म्हणतो, ऊन बाधलं. दुसरा म्हणतो, लाडावून ठेवलंय, दोन दिवस उपाशी राहू दे, आपोआप खाईल. तिसरा दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणायला निघालेला असतो.

तिघांनीही एक गोष्ट तपासलेली नसते. मनी जेवण नाकारतेय, की त्या जागेवर जेवायला नाही म्हणतेय? वाटी दोन्ही वेळा भरलेलीच राहते, म्हणून गल्लत होते. जागेचं दुखणं असेल तर वाटी उचलून पलीकडच्या खोलीत ठेवली की भागतं. जेवणावरची वासनाच उडाली असेल तर मात्र ते आजाराचं लक्षण असतं, आणि अशा वेळी 'दोन दिवस उपाशी राहू दे' हा सल्ला ऐकणं सगळ्यांत महागात पडतं.

आधी जागेचं पाहू. आपल्या घरातली मांजरं आफ्रिकी रानमांजराच्या वंशातली. हा प्राणी उंदीर, पाखरू अशी लहान शिकार एकट्यानं करतो आणि एकट्यानंच खातो. शिवाय तो शिकारी असला तरी मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे. खाताना मान खाली जाते, नजर वाटीत अडकते, तेव्हा पाठीमागून काय येतंय ते दिसत नाही. म्हणून पाठीला भिंत, समोर दार दिसेल अशी बैठक, आणि धोका वाटला तर निसटायला वाट, एवढं तिला लागतंच. अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं आंतरराष्ट्रीय संस्थेसोबत २०१३ साली मांजरांच्या गरजांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही खाणं, पाणी, शी-शू आणि झोप यांच्या जागा एकमेकींपासून लांब ठेवा, असंच सांगितलंय. आपण नेमकं उलटं करतो. मोरीच्या शेजारी वाटी, वाटीला चिकटून पाणी, आणि हातभरावर रेतीचं घमेलं. झाडायला सोपं पडतं ना!

खान्देशातल्या घरात मांजराच्या जागेवर वर्षभर अतिक्रमण चालू असतं. चैत्रात कूलर खिडकीला लागतो. त्याचा घरघराट, तोंडावर येणारा ओला वारा आणि पहिल्या दोन दिवसांचा त्या नव्या गवताचा उग्र वास. तिची वाटी नेमकी त्या खिडकीखाली असेल तर ती तिथे जेवत नाही. मग उन्हाळ्यामुळे खाणं सुटलं असा निष्कर्ष निघतो. ज्या घरात ती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर जेवायची, तिथे बिबडे-कुरडया वाळत पडतात आणि पोरं काठी घेऊन राखणीला बसतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सोबत नातवंडं येतात, झोके बांधले जातात. ओसरीतली तिची जागा म्हणजे मग रस्ताच झालेला असतो. आणि दिवाळीच्या सुमारास मळ्यातला कापूस घरात आला की एक खोलीच बुजते. कापसावर झोपायला मनीला फार आवडतं हा भाग वेगळा, पण तिच्या वाटीचा कोपरा त्यात गडप झालेला असतो आणि वाटी दारात आलेली असते.

या मोठ्या उलथापालथींखेरीज बारीकसारीक कारणंही असतात. फरशीवर सरकून किर्र आवाज करणारी स्टीलची वाटी. मिक्सर, कुकरची शिट्टी. मुंग्या येऊ नयेत म्हणून परातीतल्या पाण्यात ठेवलेली ताटली, जिच्यापर्यंत पोचायला तिला पाण्यावरून मान लांबवावी लागते. यावर एक साधा उपाय आहे. रुंद परातीऐवजी ताटलीपेक्षा बोटभरच मोठी थाळी घ्या. खोल वाटीत मिशा टेकतात म्हणून मांजरं खात नाहीत, असं हल्ली फार सांगितलं जातं. त्याला ठोस पुरावा नाही, पण पसरट ताटली स्वस्त आहे, ठेवून बघायला हरकत नाही.

बोका मात्र बारीकसारीक कारणांत मोडत नाही. गल्लीतला बोका खिडकीच्या गजांतून नुसता टक लावून बसला, तरी आतली मांजर वाटीकडे फिरकत नाही. घरात दोन मांजरं असतील तर भांडण व्हायलाच पाहिजे असंही नाही. एक दारात आडवी पसरते, दुसरी तिला ओलांडून जात नाही, बस्स. आपल्याला वाटतं दोघी किती शांत आहेत!

आता ही जागेवर रुसलेली मनी वाटीपाशी कशी वागते ते बारकाईनं पाहा. ती येते. भूक असते, शेपटी वर असते. वाटीपासून वीतभर अलीकडे थांबते, मागचे पाय तिथेच रोवते आणि पुढचं अंग रबरासारखं ताणते. कान मात्र वाटीकडे नसतात. एक कान कूलरकडे वळलेला, दुसरा दाराकडे. एक तुकडा उचलते, ओढत बाजेखाली नेते आणि तिथे कडकड चावून खाते. पुन्हा येते, पुन्हा एक तुकडा. किंवा दिवसभर तोंड लावत नाही आणि रात्री अकराला सगळं निजानीज झालं की वाटी चाटूनपुसून साफ. काहींना सोबत लागते, जवळ कुणी बसलं तरच खातात. चावणं ठणठणीत, वजन कायम, अंग चाटणं चालू, डोळे लख्ख. जेवणाशी तिचं काहीच भांडण नसतं.

आजारी मांजराचं वागणं वेगळं दिसतं, आणि तेही एकाच तऱ्हेचं नसतं. दात-हिरड्या दुखणारी मांजर तर भुकेनं धावत येते, म्हणूनच फसवते. दाणा तोंडात घेते, मान एका बाजूला कलती करते, दाणा खाली पडतो. पंजा गालाकडे जातो. कधी स्वतःच्याच वाटीवर फिस्कारून मागे सरते, जणू वाटीनं चावा घेतला. तोंडाला घाण वास, हनुवटी लाळेनं ओली. मळमळणारी मांजर वाटीजवळ येते, ओठ चाटते, गिळल्यासारखं करते आणि तोंड फिरवून निघून जाते. सर्दीनं नाक चोंदलेली मांजर वाटीकडे बघतही नाही, कारण मांजराची भूक वासावर चालते. आणि खरोखर खूप आजारी असलेली मांजर येतच नाही. कपाटामागे, माळ्यावर, गोधड्यांच्या चळतीत लपते. दुखणं लपवायचं हा या जातीचा स्वभावच आहे.

दोन-तीन दिवस वाट पाहणं का धोक्याचं, तेही समजून घ्या. मांजर पूर्ण उपाशी राहिलं की शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवतं. मांजराच्या यकृताला ती एवढ्या वेगानं पचवता येत नाही, मग ती तिथेच साचत जाते. त्यामुळे मळमळ वाढते, मळमळीमुळे खाणं आणखी तुटतं. गुबगुबीत मांजरात हे अवघ्या दोन-तीन दिवसांत सुरू होऊ शकतं. हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग, कानाची आतली बाजू पिवळी दिसायला लागली तर फार पुढे गेलंय असं समजावं. पुढे पुष्कळदा नळी घालून आठवडेच्या आठवडे भरवावं लागतं. म्हणून मोठ्या मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही तर दवाखाना गाठायचा. पिल्लासाठी तेवढी वाटही पाहायची नाही, अर्धा दिवस पुष्कळ झाला. बोका जेवत नसेल आणि घमेल्यात पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, लघवी होत नसेल, तर ताबडतोब निघा. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो.

दोन्ही बाजूंची सरमिसळ होते ती म्हातारपणी. वरच्या कोनाड्यात किंवा कोठीवर वाटी असायची, दहा-बारा वर्षांची मनी तिथे जाईनाशी झाली, खाली घातलं की खाते. वरवर पाहता हा जागेचाच प्रश्न. खरं कारण सांधेदुखी असू शकतं, उडी झेपत नाही. अशा वेळी वाटी खाली ठेवायची, आणि डॉक्टरलाही दाखवायचं. दुसरी सरमिसळ आपणच घडवतो: औषध जेवणात कालवून. ते कडू लागलं, किंवा नेमकं त्या दिवशी मळमळत होतं, की ती त्या जेवणाला विटते, कधी त्या जागेलाही. बरी झाली तरी तिकडे फिरकत नाही. औषध वेगळं द्या, वेगळ्या जागी द्या.

आणि एक तिसरी शक्यता आहे, तिच्यात काळजीचं काही नाही. मनीचं पोट भरलेलं असतं. गल्लीत तिची तीन घरं लागलेली असतात, नाहीतर खळ्यात उंदीर मुबलक असतात. शेजारी विचारून घ्या. ४५ अंशांच्या उन्हात भरदुपारी ती कमी खाते, हेही साहजिक. पहाटे आणि रात्री घाला, आणि शिजवलेलं मांस-मासे अर्ध्या तासाच्या वर उघड्यावर ठेवू नका. त्या उन्हात ते नासतं आणि तिच्या नाकाला ते आपल्या आधी कळतं.

नेमकं काय आहे ते ओळखायचं असेल तर शांत खोली निवडा. रोजचंच जेवण, पसरट ताटलीत, भिंतीच्या कडेला. पाणी दुसऱ्या कोपऱ्यात, घमेलं सगळ्यांत लांब. दार लावून अर्धा तास निघून या, फटीतून डोकावू नका. साफ केलं तर जागेचा प्रश्न. शिवलं नाही तर उकडलेलं कोंबडीचं मांस हातानं बारीक तोडून, अंगाइतकं कोमट करून ठेवा. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात भाकर कुस्करून घालायची सवय घरोघरी आहे, ती मोडाच, कारण कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मऊ कोंबडी खाल्ली पण कडक दाण्यांवर अडली, तर तोंड तपासून घ्या. कोमट कोंबडीलाही तोंड लावलं नाही तर आणखी प्रयोग करत बसू नका. दूध-भाकरीवर मात्र ही परीक्षा घेऊ नका. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही आणि भाकरीत मांजराला लागणारं फारसं काही नसतं. ती नाकारली तर शहाणपणाच केला म्हणायचा.

जागेचाच प्रश्न ठरला तर वाटी तिनं निवडलेल्या ठिकाणी ठेवून मोकळं व्हा. बाजेखाली तर बाजेखाली. ते घरात सोयीचं नसेल तर तिथून रोज चार बोटं सरकवत न्या. खाणं थांबलं की तिथेच दोन दिवस मुक्काम. उचलून वाटीपाशी नेऊन बसवणं, मान धरून तोंड वाटीत घालणं यानं ती जागा कायमची नासते. दोन मांजरं असतील तर एकमेकींना न दिसतील अशा दोन वाट्या, एक खाली, एक उंचावर. कूलर लागणार आहे हे तर आपल्याला आधीच माहीत असतं. तो बसवण्याच्या आठवडाभर आधीच वाटी दुसरीकडे न्यायला लागा.

खेड्यातला पशुवैद्यकीय दवाखाना गुराढोरांचा म्हणून लोक मांजर न्यायला लाजतात. लाजू नका, तिथे भागलं नाही तर पुढे कुठे न्यायचं ते तरी कळतं. नेताना चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. शेवटचं कधी खाल्लं, पाणी किती पिते, लघवी-शी कधी झाली आणि वजन किती. वजनासाठी तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम घटले म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा गेला, आणि केसांमुळे ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वाटेत ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी किंवा लहान मुलांचं तापाचं सिरप अजिबात पाजू नका. मांजराला ते विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते.