व्हॉट्सअ‍ॅपचं खातं नेमकं कशाला बांधलेलं असतं?

“ताई, माझा सहा अंकी कोड चुकून तुझ्या फोनवर आलाय, पटकन पाठव ना.” हा मेसेज अनोळखी नंबरावरून आला तर कुणीही सावध होईल. पण तो येतो सख्ख्या मावसभावाच्या खात्यावरून. त्याचाच फोटो असतो, त्याचंच नाव असतं, वर परवाच्या गप्पाही दिसत असतात. कोड दिला जातो, आपल्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडतं आणि थोड्याच वेळात आपल्या नावाने सोसायटीच्या ग्रुपवर पैशांची मागणी सुरू होते. मावसभावाचं खातंही आदल्या दिवशी असंच गेलेलं असतं.

लोक म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप हॅक झालं. पण या प्रकारात चोराने मेसेजवरचं सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन) फोडलेलं नसतं. त्या कुलपाचं गणित इतकं पक्कं आहे की त्याच्या वाटेला जायची चोराला गरजच पडत नाही. ते गणित थोडं समजून घेऊ, म्हणजे कच्ची बाजू कुठली तेही कळेल.

समजा, पुण्यातली आई आणि टोरांटोतला मुलगा यांना त्या कुलपाची किल्ली म्हणून एक गुप्त संख्या ठरवायची आहे, आणि मधला सगळा रस्ता परक्यांच्या नजरेखाली आहे. दोघांनी उघडपणे ५ आणि २३ या संख्या घेतल्या. आईने मनात ३ धरले, ५ चा तिसरा घात काढला (१२५), त्याला २३ ने भागलं आणि उरलेले १० पाठवले. मुलाने मनात ७ धरले, तसंच करून १७ पाठवले. आता आई १७ चा तिसरा घात काढून २३ ने भागते, तेव्हा बाकी १४ उरते. मुलगा १० चा सातवा घात काढून २३ ने भागतो. बाकी तीच, १४. चौदा हा आकडा रस्त्यावरून कधी गेलाच नाही, तरी तो दोघांकडे पोचला. कागद-पेन घेऊन हे एकदा करून पाहाच. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली ही युक्ती प्रसिद्ध केली. तेवीसच्या जागी प्रचंड मोठी संख्या घेतली की १० आणि १७ ऐकणाऱ्याला त्यावरून मनातले आकडे शोधणं आजच्या संगणकांनाही जमत नाही. व्हॉट्सअ‍ॅप याच कल्पनेचा वक्ररेषेच्या समीकरणांवर बेतलेला प्रकार वापरतं आणि तिथल्या संख्या ७७ अंकांपर्यंत जातात.

त्यावर आणखी एक थर आहे. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी बांधलेल्या सिग्नल प्रोटोकॉलमध्ये (मेसेज कुलूपबंद करण्याच्या पद्धतीत) प्रत्येक मेसेजची किल्ली नवी असते आणि वापरून झाली की ती टाकून दिली जाते. म्हणजे आज एखादी किल्ली कुणाच्या हाती लागली तरी तिने कालचे मेसेज उघडत नाहीत. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे खासगी संवाद याच पद्धतीने जातात.

आता कच्ची बाजू. हे सगळं गणित दोन फोनांमधलं आहे. समोरचा फोन खरंच मुलाचा आहे, हे ठरवतो तो फक्त फोन नंबर. पूर्वी आयसीक्यू किंवा याहू मेसेंजरला स्वतंत्र खातं असायचं, त्याला पासवर्ड असायचा. २००९ साली व्हॉट्सअ‍ॅप सुरू करणाऱ्या जान कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन यांनी ती भानगडच ठेवली नाही. नंबर टाका, आलेला कोड भरा, फोनमधली ओळखीची माणसं आपोआप समोर. ज्यांनी आयुष्यात कधी ईमेल उघडला नाही अशा आजी-आजोबांपर्यंत हे पोचलं ते या सोपेपणामुळेच, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पण त्याची किंमत अशी, की ज्याच्या हाती कोड त्याचं खातं. तो कोड फोन करूनही सांगितला जातो. म्हणून चोर ‘कुरिअरवाला’ बनून तुम्हाला *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला लावायचे; त्याने तुमचे कॉल चोराकडे वळायचे. या धोक्यामुळे दूरसंचार विभागाने अशी कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली.

शिवाय नंबर हा कायमचा आपला नसतो. टोरांटोतला मुलगा तिथे गेल्यावर भारतातल्या सिमचं रिचार्ज सोडून देतो, पण व्हॉट्सअ‍ॅप त्याच नंबरावर चालू राहतं, कारण एकदा नोंदणी झाली की त्याला फक्त इंटरनेट लागतं. इकडे तो नंबर बंद होतो आणि किमान ९० दिवसांनी कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. नव्या माणसाने सरळ मनाने व्हॉट्सअ‍ॅप टाकलं, तरी मुलगा आपल्या खात्यातून बाहेर फेकला जातो आणि ‘आमचं घर’ ग्रुपवर एक परका माणूस येऊन बसतो. परदेशी स्थायिक होणाऱ्यांनी जुना नंबर चालू असतानाच सेटिंग्जमधून ‘चेंज नंबर’ करावं. खातं, ग्रुप सगळं नव्या नंबरावर जातं.

यावर खरा उतारा म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन. तुम्ही ठरवलेला सहा अंकी पिन एसएमएसने कधीच येत नाही, त्यामुळे नुसता कोड मिळून चोराचं भागत नाही. मात्र तिथे जन्मतारीख टाकू नका. वाढदिवसाच्या शुभेच्छा ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. पिनसोबत ईमेलही द्या, नाहीतर पिन विसरल्यावर सात दिवस थांबावं लागतं.

पिनमुळे एक वाट मात्र बंद होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप एकाच वेळी चार जोड-उपकरणांवर चालतं. कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला लावला किंवा आठ अक्षरी कोड तुमच्या फोनमध्ये भरायला सांगितला, तर त्याचा संगणक तुमच्या खात्याला जोडला जातो. आपला फोन तर चालूच राहतो, त्यामुळे संशयही येत नाही. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ ही यादी अधूनमधून उघडून पाहावी आणि ओळखीचं नसेल ते तिथूनच काढून टाकावं.

आणि खातं गेलंच तर? घाबरून अ‍ॅप काढून टाकण्याऐवजी लगेच आपलाच नंबर टाकून पुन्हा नोंदणी करा. एसएमएसने आलेला कोड भरताक्षणी चोर बाहेर जातो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत यायला सात दिवस लागतील, पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी जण पिनची पाटी पाहून अर्ध्यावर सोडून देतात. दरम्यान मोठ्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला साधा फोन करून ‘माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका’ असं टाकायला सांगा. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ती अडवता येऊ शकते.