बिने नेमकं काय मोजत होते?

जळती काडी मुलाच्या डोळ्यांसमोरून फिरवायची आणि त्याची नजर तिच्या मागोमाग जाते का ते पाहायचं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि डॉ. थिओडोर सिमॉं यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केलेल्या बुद्धिमापन चाचणीची ही पहिली पायरी. अशा ३० पायऱ्या होत्या, सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणाऱ्या. पुढे तीन आकडे ऐकून तसेच म्हणायचे, माशी आणि फुलपाखरू यांच्यातला फरक सांगायचा, असं करत करत मूल कुठे अडतं ते बघायचं.

त्याआधी बुद्धी मोजायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. १८८४ साली लंडनच्या प्रदर्शनात इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन तीन पेन्स घेऊन लोकांची नजर, श्रवणशक्ती, मुठीची ताकद मोजत होते. इंद्रियं तल्लख तर बुद्धीही तल्लख, असा त्यांचा होरा. १९०१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात क्लार्क विस्लर यांनी विद्यार्थ्यांच्या अशा मोजमापांची त्यांच्या गुणांशी तुलना केली, तेव्हा दोन्हींचा काही मेळच बसेना. बिने यांनी थेट आकलन, स्मरण आणि तारतम्य यांनाच हात घातला.

निमित्त सरकारी होतं. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालेलं, आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचं काय करायचं हे ठरवायला १९०४ साली आयोग नेमला गेला. बिने त्याचे सदस्य होते. निवड नुसत्या शिक्षकांच्या मतावर सोडली तर वर्गात त्रास देणारं मूलही ‘मंद’ ठरवून बाहेर काढलं जाईल, ही त्यांची काळजी मला फार मोलाची वाटते. १९०८ च्या सुधारित चाचणीत प्रश्न वयानुसार लावले गेले आणि ‘मानसिक वय’ ही कल्पना रुजली. पण बुद्धी जन्मजात आणि कायमची ठरलेली असते हे बिने यांना मान्यच नव्हतं. १९०९ साली त्यांनी त्या समजुतीला क्रूर निराशावाद म्हटलं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष आणि स्मरण वाढवणारे व्यायाम सुचवले: पुतळ्यासारखं न हलता उभं राहायचं, किंवा क्षणभर दाखवलेल्या वस्तू आठवून लिहायच्या.

१९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं, आणि १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणलं. दहा वर्षांच्या मुलीने बारा वर्षांच्या मुलांइतकं केलं की १२०. बुद्ध्यंक तो हा.

आकडा सुटसुटीत होता, म्हणूनच घात झाला. पहिल्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या पुढाकाराने अमेरिकेत १७ लाखांवर सैनिकांच्या बुद्धीची परीक्षा झाली. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांना चित्रं दिली आणि काय राहिलंय ते काढायला सांगितलं: जाळी नसलेलं टेनिसचं मैदान, कर्णा नसलेला ग्रामोफोन. ज्याने आयुष्यात टेनिस पाहिलेलं नाही, अशा पूर्व युरोपातून आलेल्या मजुराने जाळी कुठून काढावी? तरी निष्कर्ष निघाला तो अमुक देशांतून आलेली माणसं जन्मतः कमी बुद्धीची असल्याचा. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिची परीक्षाही बिने यांच्या चाचणीच्या अमेरिकी आवृत्तीने झाली होती.

आपल्याकडे धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी हीच चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बेतली आणि १९४० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. नागपुरात मालिन यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी घडवली. बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत वापरली जाते. बौद्धिक अक्षमतेचं निदान करताना मात्र एकटा बुद्ध्यंक पुरत नाही. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, कपडे घालतं का, दुकानातून वस्तू आणतं का, हेही आईवडिलांना विचारावं लागतं.