मॅचच्या व्हिडिओतला पब्लिकचा आवाज काढून हवाय? आधी हे वाचा

कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटचा सीझन लागला की रोज कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतं, "भाऊ, मागचा दंगा काढा, कॉमेंट्री तेवढी ठेवा." काढतो की, धंदाच आहे आपला, पण किती निघेल ते तुम्ही काय आणलंय त्यावर.

बरेच जण २०१० च्या साउथ आफ्रिकेतल्या फुटबॉल वर्ल्डकपचं सांगतात, तिथे वुवुझेला, म्हणजे प्रेक्षक वाजवायचे तो प्लास्टिकचा भोंगा, त्याचा आवाज काढता येत होता मग आमचं का नाही. अहो, वुवुझेला वाजतो एकाच सुरात, साधारण २३३ हर्ट्झ आणि त्याच्या पटीत, तेवढ्याच बारीक जागा नॉच फिल्टरने कापल्या की बराचसा जातो. पब्लिक ओरडतं ते सगळीकडे पसरलेलं, आणि कॉमेंटेटरचा आवाजही तिथेच, एक कापलं की दुसरं कापलं जातंच. एआयवाले ॲप माणसाचा आवाज ओळखून ठेवतात म्हणे, पण पब्लिकही माणसंच ना! रेडर पकडला की जो गलका होतो नेमका तिथेच कॉमेंटेटर पाण्याखालून बोलल्यासारखा येतो.

खरी चूक वेगळीच आहे. कॉमेंट्रीचा माइक आणि ग्राउंडचा माइक दोन्ही एकाच ट्रॅकवर रेकॉर्ड करून आणता, नाहीतर यूट्यूबवरून डाउनलोड केलेलं, म्हणजे सगळं आधीच मिसळलेलं, मग आमचा दिवस जातो आणि तुमचे पैसे. ओबीएस म्हणून रेकॉर्डिंग आणि लाइव्हचं सॉफ्टवेअर आहे, त्यात रेकॉर्डिंगला ६ ट्रॅक मिळतात, तेही फुकट. आउटपुट मोड ॲडव्हान्स्ड करा, मग ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे प्रत्येक माइकला सगळ्या ट्रॅकवर टिक असते. ट्रॅक १ लाइव्हसाठी मिक्स राहू दे, २ वर फक्त कॉमेंट्री, ३ वर फक्त ग्राउंड, बाकीच्या टिक काढा, आणि रेकॉर्डिंग टॅबमध्ये तिन्ही ट्रॅक सिलेक्ट करा, हे शेवटचं सगळेच विसरतात. अशी फाईल आली तर फिल्टर फारसा लागतच नाही, ग्राउंडचा आवाज खाली ओढला की झालं. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, फाईल दाबली जाते.

पब्लिक पूर्ण बंद का करत नाही म्हणून काहीजण नाराज होतात, पण शिट्टी-टाळ्या नसलेली मॅच रेकॉर्डिंग वाटतच नाही, थोडं ठेवतो ते मुद्दाम. आधी दोन मिनिटांचं सॅम्पल करून ऐकवतो, पटलं तरच पुढे.

सेटिंग जमत नसेल तर लॅपटॉप घेऊन या, बसवून देतो, माइकही भाड्याने आहेत. फक्त फायनलच्या दिवशी सकाळी नको, त्या दिवशी आम्ही स्वतः ग्राउंडवर असतो.