नित्य समानतांच्या साहाय्याने एकसामयिक समीकरणे सोडवणे

दोन किंवा अधिक समीकरणांना एकाच वेळी लागू पडणाऱ्या चलांच्या किमती, त्या चलांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि घात यांना जोडणाऱ्या नित्य समानता वापरून शोधण्याची बीजगणितातील रीत. समीकरण चलाच्या ठरावीक किमतींनाच खरे ठरते, तर नित्य समानता चलाची कोणतीही किंमत घेतली तरी खरीच असते. म्हणून ती उदाहरणात कुठेही आणून बसवली तरी उत्तराला धक्का लागत नाही. शाळेत याच समानता ‘विस्तारसूत्रे’ म्हणून पाठ होतात. एकसामयिक समीकरणे पुढच्या इयत्तांत येतात आणि तोवर ही सूत्रे केवळ कंस सोडवण्यासाठी असतात असा समज पक्का झालेला असतो, ही खेदाची गोष्ट आहे.

या रीतीचा कणा म्हणजे पुढील समानता: (अ − ब)² = (अ + ब)² − ४अब. बेरीज आणि गुणाकार माहीत असले की हिच्यावरून वजाबाकी निघते. मग बेरजेत वजाबाकी मिळवून निम्मे केले की मोठी संख्या आणि वजा करून निम्मे केले की लहान संख्या मिळते.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेचा एक आयताकृती तुकडा घेऊ. त्याला चारी बाजूंनी कुंपणाची १४० मीटर तार लागते आणि सातबाऱ्यावर क्षेत्र १२ आर, म्हणजे १,२०० चौ. मी. आहे. लांबी अ आणि रुंदी ब मानल्यास अ + ब = ७० आणि अब = १,२००. म्हणून (अ − ब)² = ४,९०० − ४,८०० = १००, अ − ब = १०; लांबी ४० मीटर, रुंदी ३० मीटर. ब च्या जागी ७० − अ लिहून वर्गसमीकरण सोडवले तरी हेच उत्तर येते. पण समानता त्याहून जास्त काही दाखवते. वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून ४अब हे ४,९०० च्या वर जाऊच शकत नाही. १४० मीटर तारेत आयताकृती जमीन जास्तीत जास्त १,२२५ चौ. मी. मावते आणि तीही तुकडा ३५ मीटर बाजूचा चौरस असेल तरच. सातबाऱ्यावर १३ आर लिहिलेले असते, तर तारेचे माप, क्षेत्राची नोंद किंवा तुकडा आयत असल्याचा समज यांपैकी काहीतरी चुकले आहे, हे गणित न सोडवताच कळले असते.

बेरीज व वजाबाकीवरून संख्या काढण्याच्या कृतीला भारतीय गणितात ‘संक्रमण’ म्हणतात. ब्रह्मगुप्ताच्या ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ती आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) बेरीज १०१ व वजाबाकी २५ असलेल्या संख्या विचारल्या आहेत, उत्तर ६३ आणि ३८. त्याला लागूनच वजाबाकी ८ आणि वर्गांची वजाबाकी ४०० असे दुसरे उदाहरण येते. इथे अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) ही समानता कामी येते: ४०० ÷ ८ = ५० ही बेरीज, आणि संक्रमणाने २९ व २१. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापला. त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद करणारा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. 

या रीतीत सर्वाधिक चुका चिन्हांत होतात. अ² + ब² = २५ आणि अब = १२ यांवरून (अ + ब)² = ४९ आणि (अ − ब)² = १ मिळते. वर्गमूळ घेताना दोन्ही चिन्हे धरली तर (४, ३), (३, ४), (−३, −४), (−४, −३) अशा चार जोड्या येतात. उत्तरपत्रिकेत बहुधा पहिलीच लिहिली जाते. शेताच्या लांबी-रुंदीला ऋण किंमत नसते, म्हणून तिथे ती सोडणे योग्य. नुसत्या संख्या विचारल्या असतील तर सोडणे चूक.

अ आणि ब यांची अदलाबदल केली तरी समीकरणे तीच राहतात, तिथे ही रीत सर्वांत शोभते. ३अ + २ब = १२, अब = ६ यांत तसे दिसत नाही; पण ३अ आणि २ब यांनाच दोन संख्या मानले की त्यांची बेरीज १२, गुणाकार ३६, म्हणून वजाबाकी शून्य. दोन्ही ६; अ = २, ब = ३. घन असल्यास अ³ + ब³ = (अ + ब)³ − ३अब(अ + ब) वापरतात. तीन चलांत बेरीज ६, वर्गांची बेरीज १४ आणि गुणाकार ६ दिला असेल, तर अब + बक + कअ = (३६ − १४) ÷ २ = ११ येते, आणि तिन्ही संख्या ट³ − ६ट² + ११ट − ६ = ० या समीकरणाची मुळे ठरतात: १, २, ३.

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्याही अशाच समीकरणांच्या जोडीतून उलगडतात. अशा संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून मिळवले की तीच संख्या परत येते: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. दोन अंकी संख्येला ‘न’ आणि तिच्या वर्गाच्या डाव्या-उजव्या भागांना अ, ब म्हटले तर अटी दोनच: न² = १००अ + ब आणि न = अ + ब. वजाबाकी केली की न(न − १) = ९९अ. न आणि न − १ यांना १ सोडून सामाईक अवयव नसतो, म्हणून ९ ने एकाला पूर्ण भाग जायला हवा आणि ११ नेही एकाला. ४५ × ४४, ५५ × ५४ आणि ९९ × ९८ एवढेच गुणाकार या अटीत बसतात; ५५² = ३०२५ आणि ९९² = ९८०१ हे लगेच पडताळता येते. ४५ आणि ५५ यांची बेरीज १०० होते, तेही योगायोगाने नव्हे. (१०० − न)(९९ − न) = न(न − १) + ९९(१०० − २न) ही समानता सांगते की न(न − १) ला ९९ ने भाग जात असेल तर (१०० − न)(९९ − न) लाही जातो. तीन अंकांत ९९ च्या जागी ९९९ येतात, आणि २९७ च्या जोडीला ७०३ मिळते: २९७² = ८८२०९, ७०३² = ४९४२०९.